आज वाचायचं नाही

पापनाशम मागे पडलं आणि खिडकीबाहेर भाताची हिरवी शेतं पळू लागली. स्टेशनबाहेर रिक्षांच्या नाकावर केळीचे खुंट बांधलेले दिसले होते. पण अर्थ लावतोय कोण? माझं सगळं लक्ष एका दप्तरात अडकलेलं. दीडशे वर्षांपूर्वी तंजावुरात स्वतःच्या पडवीत मुलींची शाळा भरवणाऱ्या, त्यावर निबंध लिहिणाऱ्या एका मराठी घरच्या सुनेचे कागद. बरेचसे दप्तरखान्यात गेलेत. खाजगी टिपणांचं एक बाड मात्र घरीच राहिलंय, मोडीत, त्यामुळे घरात कुणीच न वाचलेलं. मला मोडी येते. हातात एकच दिवस होता. संध्याकाळी परतीची गाडी.

राजवाड्यामागच्या गल्लीत, त्या घरच्या आताच्या थोरल्या सूनबाई कमळाअक्कांनी दार उघडलं. वय एक्याऐंशी, डोळे मात्र खट्याळ.

"ये, बैस. उभी काय करूलालीस?" (म्हणजे 'करते आहेस'.)

मी दोन वाक्यं बोलले तशा त्या हळहळल्या, "तुमच्याकडे मराठी फार बिघडली गे!"

मी निमूटपणे सुंडल (फोडणीचे उकडलेले हरभरे) खाल्लं.

बाड समोरच होतं. पाटावर, नातीच्या लॅपटॉपखाली, हळदकुंकू लावलेलं. मी हात पुढे केला मात्र, त्यांचे चिरंजीव सेतुराव, निवृत्त हेडमास्तर, गरजले, "इन्नैक्कि पडिक्ककूडादु!" (आज वाचायचं नाही!)

सरस्वतीपूजा! या दिवशी इथे पुस्तकं देवीच्या स्वाधीन; ती उद्या दशमीलाच उघडायची. तिकिटासाठी महिनाभर धडपडले, पण पंचांग बघायची बुद्धी झाली नाही. मला रडूच यायचं बाकी होतं.

सेतुराव जेवून आडवे झाले. अक्का जवळ सरकल्या. "साठ वर्षें ह्याला फूल वाहिलें. आंत काय लिहिलेंय, मज ठाऊक नाहीं. वाचणें मना आहे. ऐकणें कोणी मना केलेंय?"

"आणि वाचल्याचं पाप?"

"तें तुझें."

आतून घोरणं सुरू झाल्यावर मी हलकेच लॅपटॉप उचलला, बाड सोडलं. पहिलंच पान: 'आज पूजा, म्हणोन पुस्तकें बंद. या घरच्या मुलींचीं पुस्तकें तर बाराही महिने पूजेंतच आहेत.'

मी खळखळून हसले. अक्का हसल्या नाहीत.

"माझें सातवीचें पुस्तक असेंच पूजेला ठेवलें होतें," त्या म्हणाल्या. "दशमीला उचलायला गेलें, तर वडील म्हणाले, आतां पुरे."

माझ्या हसण्याची मला लाज वाटली. पुढलं पान उलटणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"थांब. उरलेलें मी वाचीन. मज शिकव."

गाडी माझ्याशिवाय गेली. चुकली नाही, मीच सोडली.

दशमीला इथे मुलांना तांदळात पहिलं अक्षर गिरवायला देतात. सकाळी अक्कांनी ताटात तांदूळ पसरले आणि बोट माझ्या हातात दिलं. मोडीतला 'क', कमळाचा. सेतुराव आले, पाठीमागे हात बांधून उभे राहिले.

"अम्मा, वळण चुकलं."

त्यांना मोडीचं ओ की ठो कळत नाही. हेडमास्तर मात्र निवृत्त होत नाहीत.

"तूं गप्प बैस," अक्का मान वर न करता म्हणाल्या. "माझी शाळा भरूलाली."

घरी परतल्यापासून जो तो विचारतो, "तंजावुरला गेलीस, मोठं देऊळ पाहिलंस ना?"

नाही हो. शाळा होती.