राखेतलं बी

मुलगी जीवशास्त्र शिकते. तिच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाआधी एक वर्ष बाहेर कामाला पाठवतात. मी चौथी शिकलेला, मला वाटलं नापास झाली. ती म्हणाली, हे शिक्षणातच धरतात. म्हटलं, मग पन्नास वर्षं मी शेतात शिकतोच आहे, मलाही डिग्री द्या म्हणावं.

तिला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत घेतलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, वर्षभर कशावर काम करशील? हिने सांगितलं, आईच्या मिरचीवर. त्या मिरचीचं बी बाजारात मिळत नाही. बुटकी, काळपट, नाकातून पाणी काढते. बायको दरवर्षी तिचं बी चुलीच्या राखेत कालवून मडक्यात भरायची आणि तोंड शेणाने लिंपायची. मिरचीत माझं काम तोडणीचं आणि नंदुरबारला गाडी नेण्याचं. बी धरणं, रोप टाकणं तिच्याकडे. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. त्या साली आमच्या शेतात मिरची लागली नाही. मडक्यात होतं तेवढंच बी उरलं.

मुलीने फोनवर सांगितलं, मडकं तसंच पाठवा.

मी मडकं फोडलं. सगळं राखेने काळं. तिकडे लोक पांढरे कोट घालून बसतात. म्हणतील, हिची आई काय घाणेरडी बाई होती. बायको दिवसातून दोनदा ओटा घासायची. मी बी तीन पाण्यांनी धुतलं, गोठ्याच्या पत्र्यावर भर वैशाखात वाळवलं आणि नव्या स्टीलच्या डब्यात भरून पाठवलं. दाणा कसा सोन्यासारखा दिसत होता.

महिन्याभराने मुलगी स्वतःच घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं,

"आबा, बी धुयं का तुम्ही?"

"हा मंग. तुन्ही ल्याबमा राख लई जाशी का?"

"एकबी दाणा उगना नै, आबा."

ओल्या कागदावर मांडून तिने पंधरा दिवस वाट पाहिली होती. पत्र्यावर ते भाजून निघालं होतं. मॅडम म्हणाल्या, बी नसेल तर दुसऱ्या कुणाच्या कामात मदतीला बस. मी बैलाला पाणी दाखवायला गेलो. बैल आत्ताच प्यायलेला होता.

परत आलो तर ती भाजी टाकत होती. हात फळीवरच्या काचेच्या बरणीकडे गेला. बरणीत बायकोच्या हातच्या वाळल्या मिरच्या. आठवड्यातून एक मी भाजीत घालायचो, बाकी दिवस दुकानाची पूड. मुलीने बरणी उचलली, हलवली. आतलं बी खुळखुळलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि बरणी जागच्या जागी ठेवली. मागितली नाही. तिची आईसुद्धा अशीच गप्प बसायची. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"लई जाय," म्हटलं.

"मंग तुम्ही काय खाशात?"

"पूड. ती खाईसन मराव नै मी."

जाताना तिने कागदावर मिरच्या मांडल्या.

"आबा, बरणीमा अकरा व्हत्यात. या दहाच शेतस."

"एक मन्ही शे."

तिने पुडी बांधली. या खेपेला मी काही धुतलं नाही. धूळसुद्धा पुसली नाही.