फळ्यावरची एकवीस जुलै

नाना गेल्याचं आम्हाला कोणी सांगितलं नाही, फळ्याने सांगितलं. जूनच्या अखेरीस एका सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर जिन्याशेजारच्या फळ्यावर कालचीच तारीख. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत असं कधी झालं नव्हतं. तशीच पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले... त्यांच्या सूनबाई दारातच उभ्या होत्या. विचारायचं काही उरलं नाही.

नाना भूगोलाचे मास्तर. निवृत्तीनंतर लोक सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. नानांनी फळा मागून घेतला. रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहायचे: आजच्या तारखेला कुठे काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं. हातात पुस्तक नाही, मोबाइल नाही, सगळं तोंडपाठ. कुठलीही तारीख टाका, हा माणूस तिच्यातून राजे, गवई, शास्त्रज्ञ, भूकंप काढून दाखवायचा. मी थक्क होऊन बघत राहायचे. कॅलेंडरातलं एवढंसं घर, आणि त्यात केवढं जग मावतं. आणि त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आमच्यातलंही कोणी असायचं. एकदा एका गणितज्ञाच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई जन्मल्या. वय जाहीर केलं म्हणून त्या तणतणत आल्या. नाना म्हणाले, "मी फक्त तारीख लिहिली. वय तुम्हीच सांगत सुटलात."

माणूस चंद्रावर उतरला ती तारीख सगळे वीस जुलै छापतात. नाना एकवीसला लिहायचे. सेक्रेटरींनी वर्तमानपत्र पुढे केलं, तर म्हणाले, "छापू द्या की. तिकडे वीस असेल. चंद्रावर पाऊल पडलं तेव्हा कोथरूडला सकाळ झाली होती, आणि तारीख एकवीस होती." सेक्रेटरी पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

नवीन बिऱ्हाड आलं की नाना नोकरी-बिकरी नाही, आधी तारखा विचारत. आम्ही राहायला आलो तेव्हा मी माझी सांगितली, ह्यांची सांगितली. "आणखी कोणी?" त्यांनी सहज विचारलं, आणि का कोण जाणे, मी सांगून टाकलं. एकवीस जुलै. आमची मुलगी. पहाटे झाली, संध्याकाळी गेली. नाव ठेवायलाही सवड मिळाली नाही. घरात तिचा विषय निघत नसे. ह्यांनी तर त्या संध्याकाळनंतर तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. नाना हातातला खडू फिरवत म्हणाले, "वहिनी, लिहू का? तुमची हरकत नसेल तरच."

त्या जुलैत त्यांनी लिहिलं. वर चंद्र. त्याखाली, जन्म: एक मुलगी. त्याखाली, मृत्यू: तीच मुलगी. इतकी वर्षं जिला कुठेच जागा नव्हती ती माझी लेक चंद्राच्या खाली दोन ओळींत उभी होती. मग दरवर्षी नाना लिहीत आणि मी खाली जाऊन वाचत असे. हे मात्र त्या दिवशी फळ्याकडे न बघता बाहेर पडत. एकदा मी म्हटलं, "नाना, फोटो काढून ठेवू का?" तर म्हणाले, "कशाला? पुढच्या वर्षी येणारच आहे ती तारीख."

नाना गेल्यावर फळा कोणी पुसला नाही. त्यांचं शेवटचं अक्षर होतं ते. जुलै उजाडला. लेकीचं लिहायचं तर नानांचं पुसायला हवं, आणि हात धजावत नव्हता. न लिहावं तर ती पुन्हा कुठेच नाही. आदल्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "उद्या एकवीस." ह्यांनी पानातून मान वर केली नाही.

सकाळी खाली गेले तर फळा पुसलेला. नानांचं एक अक्षर शिल्लक नव्हतं. संताप संताप झाला. मग नव्या ओळी वाचल्या. अक्षर वाकडंतिकडं, ह्यांचं. वर चंद्र. त्याखाली, जन्म: रेवा. त्याखाली, मृत्यू: रेवा.

हे बाजूला उभे होते, बोटं खडूने पांढरी झालेली.

"नाव कधी ठेवलंत?" मी विचारलं.

"त्याच दिवशी," हे म्हणाले. "सकाळी."

खडू त्यांनी नानांच्या जागेवर, फळ्याच्या कडेला ठेवला. मग पुन्हा उचलला आणि खिशात टाकला. उद्याची बावीस तारीख लिहायची होती.