इनासमामांचे मूठभर तूस

ता. ११ नोव्हेंबर, रविवार. सकाळी देवळात जाऊन आलो. दुपारी पेज घेतली. खुराड्यातली पिले आज आठ दिवसांची झाली. इनासमामांच्या साठीनिमित्त गावकरी पुस्तक करीत आहेत, त्यासाठी हे लिहायला बसलो.

कल्याणच्या शाळेतून माझी ठाण्यास बदली झाली आणि आम्ही या गावात राहायला आलो, तेव्हा माझी पत्नी मार्था हिने कोंबड्या पाळणाऱ्या मामांकडून पहिली कोंबडी आणली. तीच आमची ओळख. रक्ताच्या हगवणीतून उठलेल्या पिलाच्या पायाला मामा लाल दोरा बांधतात. असे पिलू पुढे त्याच दुखण्याने मेलेले त्यांनी पाहिलेले नाही.

गेल्या वर्षी मार्था गेली. तिची कोंबडी आधीच मुंगसाने नेली होती. मागे अकरा पिले उरली. ती जगवायचीच, असे मी ठरवले. आतल्या खोलीत फळ्यांवर ठेवली, फळ्या रोज दोनदा धुतल्या. दीड महिन्याने अंगणात सोडली. आठवडाभरात सात रक्त हगून मेली. शेजारची पिले त्याच अंगणात बागडत होती.

मामा आले, उकिडवे बसले. म्हणाले, "मास्तर, तुमी पिलं वाढवली नाय, देवळातल्या आल्तारावर बसवली."

"मामा, मी घाण लागू दिली नाही हो!"

"तेच चुकलं. पोरांना देवी टोचतात ना? तसं लहानपणी थोडं लागू द्यायचं. जुन्या खुराड्यातलं, कोंबड्या शिटलेलं मूठभर तूस, पण सुकं. ओल असली तर तेच मारतं."

मग हळूच म्हणाले, "मीपण एकदा ओलं टाकून शेजारणीची पिलं मारली. माझी नेऊन दिली तिला." आपली चूक अशी सांगणारे मी फार पाहिले नाहीत.

उरलेल्या चार आजारी पिलांसाठी ते आठ दिवस रोज आले. चारही जगली. मी म्हटले, "तुम्हीच न्या, माझ्याने होणार नाही." ते म्हणाले, "मार्थाबायची हायेत. तुमीच ठेवा." लाल दोरे मात्र त्यांनीच बांधले. आताची पिले त्यांतल्याच एकीची.

मामांच्या हातून अजून पुष्कळ पिलांच्या पायांना दोरे बांधले जावोत, आणि त्यासाठी लागणारी दृष्टी, गुडघे व वर्षे देव त्यांना देवो, एवढेच मागणे.

मामांनी काल दिलेली तुसाची पुडी अजून फळीवरच होती. लिहिणे झाल्यावर ती सोडली. तूस हातात चोळून पाहिले, सुके होते. खुराड्यात पसरले. एक पिलू लगेच त्यात टोचू लागले. मी दार लावले आणि हात धुतले.