आत्या पोटमाळ्यावर जाऊन बसली

आमच्या आत्याचं सगळं आयुष्य धान्याच्या गोदामात गेलं. काम एकच, उंदरांनी फाडलेली पोती दाभणाने शिवायची. ठिगळ असं लावायची की दाणा सुटायचा नाही. तोंडही तसंच, समोरच्याला एखादा टाका घातल्याशिवाय सोडायची नाही. गोदामातही सगळे तिला आत्याच म्हणत.

एका वर्षी तिथल्या पोटमाळ्यावर घुबडांची जोडी राहायला आली. रात्रभर ती पोत्यांच्या थप्प्यांमधून उंदीर उचलायची आणि सकाळी आत्या त्यांनी ओकलेल्या केसाहाडांच्या गोळ्या झाडून काढायची. पोती फाटणं हळूहळू कमी झालं.

"आत्या, ही पाखरं तुझ्याच पोटावर पाय देतायत," हमाल चिडवायचे. "उंदीर संपले तर शिवणार काय?"

"तुझं तोंड!"

मग पिल्लं झाली. भरदुपारी वरून फिस्स फिस्स आवाज यायला लागला, तसे हमाल बिथरले. त्यातच एकाचा पोतं उचलताना पाय मुरगळला आणि खापर फुटलं पिल्लांच्या माथी. अपशकुनी म्हणे! मुकादमाने विषाच्या गोळ्यांचा डबाच आणला. उंदीर संपले की घुबडं उपाशी राहून आपोआप जातील, असं त्याचं म्हणणं.

"अरे, विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही," आत्या म्हणाली. "झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. आई आधी तोच उचलणार आणि पिल्लांना भरवणार. आपली मांजर कशी गेली, विसरलास?"

"घुबडं गेली तर गेली. तुझी कोण सोयरी लागतात?"

"लागतात! देवाने एकाचं पोट दुसऱ्याच्या भरवशावर ठेवलंय. त्यात तुझं विष कशाला?"

एवढं बोलून तिने डबा काखेत मारला, फाटकं पोतं खांद्यावर टाकलं आणि त्या वयात तरातरा शिडी चढून माळ्यावर जाऊन बसली. मुकादमाचं डोकं फिरलं. त्याने शिडीच काढून घेतली.

"बस तिथेच! भूक लागली की येशील हाका मारत."

वर कुबट वास. कोपऱ्यात पांढऱ्या लवीची पिल्लं एकमेकांना चिकटून तिच्यावर फिसकारत होती. "तुमच्यासाठीच आलेय, बायांनो," असं म्हणत आत्याने त्यांच्याकडे पाठ केली आणि देवाचं नाव घेत शिवायला सुरुवात केली.

खाली माल भरायला ट्रक येऊन उभा राहिला. फाटक्या पोत्यांचा ढीग तसाच. शेवटी पाय मुरगळलेला हमालच लंगडत पुढे आला.

"आत्या, वर फेकू का पोतं?"

"फेक. पण रिकामं करून फेक, मी काय पैलवान नाही!"

हमाल खो खो हसले. एकामागून एक पोती वर जायला लागली, शिवून खाली यायला लागली. मुकादम मात्र चरफडत होता.

"शिडी लावतो. उतर आता."

"आधी विष घालणार नाही म्हण. सगळ्यांसमोर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी आहेच इथे. पिल्लांना माझी सवय होतेय, तूही करून घे."

ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला.

"बरं, नाही घालत!" मुकादम ओरडला. "पण पिल्लं उडेपर्यंतच. पुढे एक दिवस नाही."

"उडाली की परत भांडू," आत्या म्हणाली आणि शिडी लागल्यावर उतरली. डबा मात्र तिने त्याच्या हाती दिला नाही. तशीच चालत, तो जिथून आणला होता त्या दुकानात गेली आणि परत करून आली.