प्रणालीच्या गाडीचे मागचे ब्रेक

मित्रांनो, आज सकाळी माझीच एक चूक वेळेत पकडली गेली. ती तुम्हालाही सांगावी, म्हणून लिहितो.

तिरोड्याची प्रणाली, मला पोरीसारखी, रविवारी कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत उतरणार आहे. गाडी माझ्याच गॅरेजात तयार झाली. पुढच्या ब्रेकला रेसिंगचे पॅड बसवले, तर म्हणाली, "काका, मागे पण तेच लावा ना!" ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो, मागे इतकी पकड नको, हे मला पक्कं माहीत होतं. तरी लावून दिले.

कामठ्याकडच्या मुरमाच्या रस्त्यावर चाचणी घेतली. मी कडेला कान देऊन उभा. वळणाआधी तिने ब्रेक मारला आणि मागची चाकं फिरण्याचा आवाज एकदम बंद. नुसती मुरूम खरडल्याची घरघर. गाडी गर्रकन आडवी झाली आणि धानाच्या बांधीच्या, म्हणजे भाताच्या शेताच्या, दोन हात अलीकडे थांबली.

ती हसत उतरली. "मजा आली, काका!"

"मजा कायची? मागची चाकं आधी जाम झाली. रविवारी रॅलीत समोर बांधी नाही, सागाचं झाड राहील."

तिचं हसू गेलं. तिथेच जॅक लावून मागे जुने साधे पॅड बसवले. पुन्हा तेच वळण, तोच वेग. गाडी सरळ थांबली.

गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला मी केव्हाच शिकलो. लाडक्या पोरीला म्हणायला आज शिकलो. तुम्हाला कोणाला 'नाही' म्हणणं जमत नाही?