रिजेक्टमामांची फालशाची गोळी

माझे मामा जेवायला बसले की पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायचे, आणि आम्ही हात आवरून निकालाची वाट बघायचो. "पास" म्हणाले की मामी हसून वाढायची. "रिजेक्ट" म्हणाले तरी वाढायचीच, फक्त पळी जरा आपटून. जबलपूरच्या फॅक्टरीत ते परीक्षक होते. तोफगोळ्यांच्या सुट्या भागांना गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचा आणि केसभर जरी फरक निघाला तरी लाल खडूने फुली मारायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. सेक्शनमधले लोक त्यांना 'रिजेक्ट बाबू' म्हणत. मी रिजेक्टमामा म्हणायची, तेही तोंडावर. मी लाडकी भाची होते आणि ते मला चांगलंच ठाऊक होतं.

माझे वडील लवकर गेले, तेव्हा मामांनीच मला अमरावतीहून जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणलं. "कुसुम बी.ए. होईल," त्यांनी आईला सांगून टाकलं. मला विचारलंही नाही. माझी फी, पुस्तकं, सायकल, सगळं त्यांच्या एका नोकरीवर चालायचं. मी अभ्यासाला बसले की ते मागे येऊन उभे राहात आणि विचारत, "काय करून राहिली?" दिसत असायचं, तरी विचारत.

मामांना बिडीचं भारी वेड होतं. आता दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बिडी-काडेपेटी नेणं म्हणजे काय, हे सांगायला नको. गेटवर दरबान रोज एकेकाची झडती घ्यायचा. एकदा मामांच्या खिशात काडेपेटी निघाली. घरून तशीच आली होती, बिचाऱ्यांच्या ध्यानातच नव्हतं. साहेबांनी जुना माणूस म्हणून सांभाळून घेतलं, पण लेखी ताकीद दिली की पुन्हा सापडली तर घरी बसायचं. मामांनी त्या दिवशी बिडी सोडली, आणि ती सोडवली फालशाच्या गोळीने.

कमानिया गेटमागच्या गल्लीत शिवचरण नावाचा माणूस साखरेच्या गोळ्या बनवायचा. संत्र्याच्या, लिंबाच्या, आणि उन्हाळ्यात फालशाच्या आंबट फळांचा रस आटवून ठेवला की वर्षभर फालशाच्या. जांभळट लाल, आंबट, वरून किंचित काळं मीठ. मामा रोज तीन खायचे: एक फॅक्टरीच्या गेटवर शिरताना, एक कॅन्टीनमध्ये, एक सुटल्यावर. बिडीची तलफ आली की ती गोळी जिभेखाली ठेवून गप्प बसायचे. तीन वर्षं असं छान चाललं होतं.

मग एकाहत्तर साल आलं, लढाईचं. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या, साखर मिळेनाशी झाली, आणि शिवचरणच्या भट्टीला कुलूप लागलं. मामांचा डबा आठवड्यात रिकामा झाला. मी गावभरच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांनी एकेक चाखली आणि एकेक रिजेक्ट केली. "ही नुसती गोड आहे." "ही रंग सोडून राहिली." मी म्हटलं, "मामा, गोळी खायची आहे की तोफेत घालायची आहे?" पण ते हसले नाहीत. चिडचिडे झाले होते, पानठेल्यासमोरून जाताना पावलं रेंगाळायची. मामी एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुसुम, यांच्या कोटाला बिडीचा वास येऊन राहिला. काही कर बाई."

झालं, रविवारी मी मामांना सायकल काढायला लावली आणि निघालो आम्ही शोधाला. ते त्यांच्या सायकलवर, मी माझ्या, आणि मी पुढे. कमानियाच्या किराणावाल्याने सांगितलं की गावाबाहेर रिछाईकडे एक जण गोळ्या बनवतो. एवढं अंतर पायडल मारत गेलो, तर तो बनवत होता पिपरमिंट. मामांनी एक चाखली. निकाल मी सांगायला नको. परत कमानियाला. पुन्हा त्याच किराणावाल्याला धरलं, तेव्हा तो म्हणाला, "अरे, शिवचरण का घर तो भट्टी के पीछेच है।" मला इतका आनंद झाला की त्याने आधी का नाही सांगितलं, हे भांडायचंही राहून गेलं.

दार शिवचरणच्या बायकोने उघडलं. शिवचरण कामावर लागला होता, पण कुठे ते ती सांगेना. "इन्होंने कसम दी है। लड़ाई के दिन हैं, कहाँ काम करते हैं, किसी को नहीं बताना।" आता फॅक्टऱ्यांच्या गावात याचा अर्थ लहान पोरालाही कळला असता. आमच्या मामांनी काय करावं? त्यांनी तिला शाबासकी दिली. "एकदम सही, बहनजी। किसी को मत बताना। मुझे भी नहीं।" तिने विचारलं, "आप कहाँ काम करते हैं?" मामा म्हणाले, "वो हम भी नहीं बता सकते।" दोघंही एकमेकांकडे मोठ्या आदराने बघत उभे. मी म्हटलं, निदान आपला पत्ता तरी ठेवू. तर मामांनी माझा हात धरून मला बाहेर काढलं.

"काहून हो मामा? विचारायलाच तर आलो होतो ना आपण?"

"तिला जे सांगितलं ते ती करून राहिली. आपण तिला काहून बिघडवायचं? आणि असा अनोळखी घरात पत्ता ठेवत नसतात, युद्ध आहे." सायकलवर टांग टाकत ते पुढे म्हणाले, "शिवचरण कुठे आहे ते मला समजलं. पण समजून घ्यायचं नाही." मी गोरखपूर येईपर्यंत मुद्दाम त्यांच्या पुढे सायकल दामटली.

पुढचा आठवडा वाईट गेला. मामा जेवताना डोळे मिटेनात, निकाल देईनात, समोर येईल ते खाऊन उठत. आणि मग एका सकाळी, सहाच्या पाळीला गेलेले मामा साडेआठला दारात हजर. मामीच्या हातातली परात खाली आली. मला वाटलं, संपलं, सापडली काडेपेटी.

"कुसे, सापडला," मामा धापा टाकत म्हणाले. "शिवचरण सापडला."

झालं होतं असं, की बाहेर पडणाऱ्यांचं फाटक त्या दिवशी दुरुस्तीला होतं, म्हणून येणारे आणि जाणारे एकाच फाटकाशी. एरवी शिवचरण रात्रपाळीला आणि मामा दिवसपाळीला, त्यामुळे महिनोन्महिने एका छताखाली काम करूनही गाठ नाही. मामा आत जायच्या रांगेत, मफलर गुंडाळलेला एक जण बाहेरच्या रांगेत. दरबानाने त्याचा खिसा रिकामा करून टेबलावर ठेवला, आणि त्यात कागदात बांधलेल्या, जुन्या घाण्यातल्या उरलेल्या चार फालशाच्या गोळ्या. मामांनी चेहरा पाहिला नाही, गोळीचा रंग पाहिला. रांग सोडून धावले, शिवचरणला मिठी मारली, त्याला ओढत बाहेरच्या चहाच्या टपरीवर नेलं. तोवर भोंगा झाला आणि फाटक बंद. कधी पाच मिनिटं उशीर न झालेल्या माणसाचा अख्खा दिवस बुडाला, आणि हे घरात नाचत होते.

रविवारी शिवचरण आमच्या स्वयंपाकघरात आला. आठवडाभराच्या रात्रपाळ्यांनी डोळे सुजलेले होते. रेशनची साखर आमची, फालशाचं सरबत मामीच्या बाटलीतलं. पाक चढवून तो स्टुलावर बसला आणि बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली. जागा झाला तेव्हा पाक करपायला लागला होता. तरी त्याने गोळ्या पाडल्या आणि एक मामांच्या हातावर ठेवून मान खाली घालून उभा राहिला. मामांनी डोळे मिटले. मामी आणि मी हात आवरून.

"पास," मामा म्हणाले.

शिवचरण गेल्यावर मी एक तोंडात टाकली. कडू जहर. मी म्हटलं, "मामा, ही पास?" ते म्हणाले, "बारा तास उभा राहून येतो तो. त्याच्या हाताला काय गेज लावू?" लढाई संपेपर्यंत त्यांनी त्या कडू गोळ्या रोज तीन प्रमाणे खाल्ल्या, तोंड वाकडं न करता. नंतर साखर आली, शिवचरणची भट्टी पुन्हा पेटली, आणि पहिला डबा त्याने स्वतः आणून दिला.

मी बी.ए. झाले, नागपूरच्या शाळेत नोकरी लागली. मामा स्टेशनवर सोडायला आले. ट्रंक वर ठेवली, पाण्याची सुरई भरून आणली, आणि मग खिडकीशी घुटमळत उभे राहिले. त्यांना काही सांगायचं होतं, म्हणून मी खाली उतरले.

"कुसे, शिवचरण सापडला त्या दिवशी गेटवर माझ्या कोटात काडेपेटी होती. बिडीचं बंडलही होतं."

"विसरून खिशात राहिली होती?"

"विसरलो असंच सांगितलं असतं. विसरलो नव्हतो." ते रुळांकडे बघत होते. "दरबानाच्या आणि माझ्या मधे तीन माणसं होती. ती गोळी दिसली आणि मी रांगेतून निघालो. चहाच्या टपरीवाल्याला देऊन टाकलं सगळं."

तीन माणसं, आणि नोकरी गेली असती. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, परीक्षेला चार महिने होते. मला त्यांना रागवायचं होतं, खूप रागवायचं होतं. पण मी खाली वाकले आणि त्यांच्या पाया पडले. मामीने सांगितल्याशिवाय पाया पडले ती माझी पहिलीच वेळ. मामा गडबडून गेले. "अगं, लोक पाहून राहिले," म्हणाले. मी डब्यात चढले, आणि गाडी हलली तरी खिडकीतला माझा हात सोडायचं त्यांना सुचत नव्हतं.