भाताआधी तारपा नाही

आशागडची दक्षा तारप्याची वेडी. भोपळ्याच्या त्या वाद्यावर ती कित्येक वर्षं ब्लॉग लिहायची. २०१८मध्ये ब्लॉगवाली कंपनीच बंद झाली, म्हणून मी तिला नवी वेबसाइट बनवून दिली. श्रावणातच तयार! पण बाई उघडू देईना.

"नवा भात घरात आल्याशिवाय तारपा वाजवत नाहीत."

मी भडकलो. "वाचक विसरतील तुला!"

ती भाताची खुरपणी करायला निघून गेली.

भात घरात आला आणि आजवर कुणालाही रेकॉर्डिंग करू न देणारे गावचे तारपावादक देवजीबाबा स्वतः तारपा घेऊन तिच्या दारात उभे!

"तू थांबलीस ना? मग चालू कर तुझा मोबाइल."

त्या संध्याकाळी ते रेकॉर्डिंग टाकून वेबसाइट उघडली आणि एवढी गर्दी झाली की ती बंदच पडली. मी दक्षाला फोनवर फोन केले. उचलते कसली? अंगणात नाचत होती.